तिसरा सिलिंडर

२००५ च्या नवरात्रात सत्यवतीच्या अंगणात जुनी डिझेल गाडी आली आणि दिवाळीपर्यंत सत्यवतीने तीन माणसांशी भांडण केलं. एरवी ती भांडकुदळ बाई नव्हती. तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली. तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंत वाळू तुडवत बाळंतपणं केली. कर्लीच्या खाडीवर पूल नव्हते तेव्हा होडीत बसून, मांडीवर औषधांची पेटी धरून पलीकडच्या वाड्यांवर गेली. इतक्या वर्षांत तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. नर्सबाय म्हणाली नाडी जलद आहे, म्हणजे नाडी जलद असायची. आणि आता, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मालवणातला एक फिटर तिला सांगत होता की तिला भास होतो.

गाडी तिने हौसेखातर घेतली नव्हती. आदल्या पावसाळ्यात तिच्या सुनेला, भक्तीला, सातव्या महिन्यातच दुखायला लागलं होतं. मुलगा सुदेश रिक्षा शोधायला धावला. रिक्षा आली ती चौक्याच्या चढावर बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत तिघं पागोळ्यांखाली उभी राहिली. कुडाळच्या डॉक्टरीणबाई नंतर हात धुता धुता म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणलं असतं तर." हजारभर पोरं जगात आणलेल्या बाईला स्वतःचं नातवंड आणता आलं नाही. सत्यवतीने निवृत्तीची ठेव मोडली ती त्या अर्ध्या तासासाठी. सुदेशने माडांखाली दोन खोल्या बांधून पर्यटकांची सोय केली होती, त्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायला तो गाडी वापरी. वापरू दे. पण गाडी खरी होती ती भक्तीच्या पुढच्या खेपेसाठी. म्हणून ती बिनखोटीची हवी होती.

आणि गाडीत खोट होती. सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची, धूर नाही, तेल खात नव्हती. मग कधीतरी, चढ नाही, उतार नाही, इंजिनाचा आवाज मोडायचा. सरळ चालणाऱ्या माणसाचं प्रत्येक चौथं पाऊल खड्ड्यात पडावं तसा. पायाखालचा पत्रा थरथरायचा, आरशातला रस्ता दोन-दोन दिसायचा. असे पाच-सात किलोमीटर जायचे. मग कुठेतरी थांबून पुन्हा निघालं की सगळं साफ. फिटर त्याला मिसिंग म्हणतात.

"नर्सबाय, गाडी बरी आसा," बाबली फिटर म्हणाला. "मी सोता दोन येळा फिरवून इलंय. मिसिंग-बिसिंग काय एक नाय."

"सुदेश चालवता तेवा करता."

"मगे सुदेशाक क्लच सोडूक शिकवा." त्याने फडक्याला हात पुसले. "आणि वय झाला काय कानात असले आवाज येतत. माज्या आवशीक पण येतत."

सत्यवती चिडली की आवाज चढवत नसे, खाली आणी. "बाबली, तू पायाळू. पयलो तुजो पाय माज्या हातात इल्लो. तेवापासून तुजा सगळा उलटाच."

दुकानातली माणसं हसली. पण गाडी बरी झाली नाही. बाबलीने फिल्टर बदलला, टाकी धुतली, डिझेलच्या नळीत हवा शिरते म्हणून सगळे क्लिप आवळले. ज्याने गाडी आणून दिली तो दाजी, राज्याच्या हद्दीवरच्या इन्सुली नाक्यापलीकडून जुन्या गाड्या आणणारा दलाल, फोनवर म्हणाला, "बाय, जुनो माणूस खोकतलोच थोडो." तिने मध्येच फोन ठेवला. कणकवलीच्या एका गॅरेजवाल्याने तिच्याकडे न बघता सगळं सुदेशला समजावलं. त्याला तिने विचारलं, "गाडी कोणाच्या नावार आसा ता कागदार वाचलास काय?"

शेवटी तिने एक वही केली. तापाच्या रोग्याचा तक्ता ठेवतात तसे रकाने पाडले: तारीख, वेळ, रस्ता, पाऊस की ऊन, टाकीत डिझेल किती, इंजिन गार की तापलेलं. पंधरा दिवस भरले. काही हाताला लागेना. गारठ्यात करायची, उन्हात करायची. टाकी भरलेली असताना करायची, रिकामी असतानाही. गाडीत माणसं किती होती, हा रकाना त्या वहीत नव्हता. तो घालायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

सहदेव गाड्यांचा माणूस नव्हे. दांडीच्या किनाऱ्यावर ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात त्याचा जन्म गेला होता. एका कानाने थोडा बहिरा, दुसऱ्याने दोन्ही कानांचं ऐकणारा. सत्यवतीच्या शब्दाखातर तो एका सकाळी तारकर्लीला आला. सुदेश चालवायला बसला, शेजारी सहदेव, मागे सत्यवती. गाडी वेशीपर्यंतही गेली नाही तोच अडखळली.

"मिसिंग आसा," सहदेव म्हणाला.

दोन महिन्यांत ते दोन शब्द बोलणारा हा पहिला माणूस.

अंगणात परत येऊन, इंजिन चालूच ठेवून, सहदेव उतरला आणि बॉनेट उघडलं. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. तो आत बसला. अडखळलं. उतरला. साफ. असं तीन वेळा झालं तेव्हा त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"वजनान खंयतरी पाइप चेपता दिसता," तो म्हणाला. तेवढ्यात सुगंधा मासेवाली पाटी घेऊन कुंपणाच्या बेड्यातून आत आली. "सुगंधाबाय, पाटी ठेय थंय आणि जरा गाडयेत बस बघया."

"माका खंय व्हरतास?"

"खंय नाय. नुसती बस."

सुगंधा मागे सत्यवतीशेजारी बसली, पुढे सुदेश. इंजिन अडखळायला लागलं, आणि या खेपेस बॉनेट उघडं होतं, सहदेव बाहेर होता. त्याने पाना घेतला. डिझेल ज्या चार बारीक नळ्यांतून चार सिलिंडरांत जातं, त्यांचे नट तो एकेक करून ढिले करी आणि ऐके. पहिला ढिला केला, इंजिन आणखी बसलं, दमल्यासारखं. म्हणजे तो सिलिंडर चालू होता. दुसरा ढिला केला, बसलं. तिसरा ढिला केला, काही फरक पडला नाही. चौथा ढिला केला, बसलं.

"तिसरो मेलोहा," सहदेव म्हणाला.

त्याने इंजिन बंद करून तिसऱ्याचा डिझेल फवारणारा नोजल काढला, दाब देऊन पाहिला. फवारा धुक्यासारखा बारीक, हवा तसा. तरी पहिल्याचा तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावला. सगळे आत बसून होते. सुरू केलं. पुन्हा तिसराच मेलेला. मग त्याने सुगंधाला उतरवलं आणि तिच्या जागी तांदळाची पोती ठेवली, तिच्याच वजनाची. चारही सिलिंडर चालू. पोती उतरवून सुगंधाला बसवलं. तिसरा बंद.

"माका बांगडे इकूचे आसत," सुगंधा म्हणाली. "बर्फ इतळता थंय. आणि तिघां बसलंव, मगे खडो खंय आसा?"

तिकडे तिघं मिळून वाटेला लागत नाहीत. लागावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घेतात. सत्यवतीची सासू बाजाराला निघाली तरी पदरात खडा बांधायची. नर्सच्या नोकरीत पहिल्याच वर्षी सत्यवतीने ते सोडलं, आणि सासूला तोंडावर सांगितलंही होतं की असल्या गोष्टींनी आजार बरे होत नाहीत.

सुगंधाने दार उघडलं, वाकून तुळशीजवळचा एक खडा उचलला आणि सीटवर मध्ये ठेवला.

इंजिन सरळ झालं.

इतकं सरळ, की माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकू यायला लागली. सहदेवने स्वतः खडा उचलून बाहेर टाकला; अडखळलं. परत ठेवला, साफ. मग त्याने इंजिन बंद केलं आणि पाने एकेक करून पिशवीत भरले.

"ह्येचे पैशे मी घेवचंय नाय," तो म्हणाला.

"पण झाला काय ता तरी सांग."

"माका इंजिन कळता, नर्सबाय. खड्यान बरा जाता तर माका कित्याक बोलवलास?" तो खरोखर रागावला होता. जाताना त्याने गाडीकडे पाठ केली नाही. बाजूने, तिरका चालत बेड्याबाहेर गेला.

सत्यवतीला भीती वाटली नाही, संताप आला. तिने वहीत नवा रकाना पाडला. महिनाभर नोंदी केल्या. एकटा सुदेश: साफ. दोघं: साफ. तिघं: मिसिंग. चौघं, पाच जणं: साफ. दोघं आणि खडा: मिसिंग. म्हणजे गाडी खड्याला माणूस धरत होती. सुगंधाची मांजर धरत नव्हती, तांदूळ धरत नव्हती, पाटीतले मासे धरत नव्हती. तीस वर्षं तिने अडाणी बायकांच्या दंडांतले गंडे कात्रीने कापले होते. आता तिला न पटणारी गोष्ट तिच्याच अक्षरात, तिच्याच वहीत, रोज खरी ठरत होती, आणि हे गाऱ्हाणं घेऊन जायला जागा नव्हती.

सुदेशने मात्र ते हसण्यावारी नेलं. नवरा-बायको पर्यटक आले की रस्त्यातला खडा उचलून सीटवर ठेवायचा, ती उतरली की खिडकीतून भिरकावून द्यायचा. "चौथो पॅसेंजर," म्हणायचा. पर्यटक त्याचे फोटो काढायचे.

फेब्रुवारीत एकदा सुदेश, भक्ती आणि सत्यवती कुडाळच्या बाजाराला निघाली. निघण्याच्या गडबडीत खडा घ्यायचा राहिला. धामापूरचं तळं मागे पडलं तरी गाडी साफ चालत होती.

"बरी झाली मा आपसूक?" सुदेश म्हणाला.

सत्यवतीने मागे वळून पाहिलं. भक्ती खिडकीबाहेर बघत होती, हात मांडीवर एकावर एक ठेवून.

संध्याकाळी विहिरीजवळ सत्यवतीने विचारलं, "किती दिवस झाले?"

भक्तीने कळशी खाली ठेवली. "अडीच म्हयने. सांगूक भियत होतंय. मागच्या खेपेक सगळ्यांका सांगितलंय, आणि..."

सत्यवतीने तिला जवळ घेतलं. आनंद झाला, आणि आपल्याआधी गाडीला कळलं याचा रागही आला. पण तो राग टिकला नाही. त्यानंतर तिघं कधीही बाहेर निघाली तरी खडा लागला नाही. सत्यवती नर्स होती तेव्हा लाकडी नळी पोटाला लावून, डोळे मिटून बाळाचे ठोके ऐकायची. तशी आता ती पुढच्या सीटवर बसून इंजिन ऐकायला लागली. भक्तीला घेऊन पाव आणायला मालवण, चष्म्याची काडी बसवायला मालवण. सुदेशला वाटायचं, आईला फिरायची गोडी लागली. चारही सिलिंडरांचे ठोके नीट पडत होते. गाडीला शिव्या देणं ती विसरली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिघं मालवणच्या बाजारात गेली. भक्तीला नववा लागला होता. सोन्याच्या वर्खाचा कागद, नारळ, भक्तीला हवे होते म्हणून शेंगदाण्याचे लाडू घेतले. परत निघाली आणि भरड नाक्यावर, गर्दीतून वाट काढताना, इंजिन अडखळलं.

सुदेश हसला. "आये, खडो इसारलंव." त्याने गाडी बाजूला घेतली आणि दार उघडून रस्त्याकडे हात लांब केला.

सत्यवतीने त्याचं मनगट धरलं. "घेव नको. गाडी कुडाळाक घे."

"आज? तपासणीची तारीख आयतवारची आसा."

"घे म्हणतंय मा."

सुदेशचं हसू उतरलं. त्यानेही मनात मोजलं असावं.

"आई, माका काय एक होणा नाय," भक्ती म्हणाली. "सकाळी हलला होता."

"सकाळी कधी?"

भक्ती बराच वेळ आठवत राहिली. "न्हावक गेल्लंय तेवा," ती म्हणाली.

कुंभारमाठ, चौके, धामापूर. पावसाची एक सर आली आणि गेली. इंजिन सगळी वाट तसंच चालत होतं. तिसऱ्याच्या जागी पोकळी. सत्यवती पुढे वाकून, डॅशबोर्डवर तळहात टेकून, हळू आवाजात बोलत होती. "खड्याक माणूस धरतस. वाटेवरच्या खड्याक. आणि ह्याका धरणस नाय? कोणी शिकवला तुका ह्या? मोज मेले. नीट मोज."

दवाखान्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम राउंडला आहेत. तुमची तपासणीची तारीख रविवारची आहे. पोटात दुखतंय का? पाणी गेलंय का? मग बसा."

"ताई," सत्यवतीचा आवाज पार खाली गेला होता, "मी तीस वर्षं नर्स होते. हिला आत घ्या, नाहीतर मीच घेऊन जाते. आणि मग मला अडवायला तुम्ही चारजणी लागाल."

डॉक्टरीणबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. त्यांनी यंत्र भक्तीच्या पोटाला लावलं. खरखर आली. मग ठोके आले, लांब लांब, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसे. आठ्या गेल्या. पुढच्या दहा मिनिटांत भक्ती टेबलावर होती.

मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. आधी रडली नाही, मग रडली.

"थोडा जरी उशीर झाला असता तर हाती लागली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशावरून ओळखलंत तुम्ही?"

"सवयीनं," सत्यवती म्हणाली.

बाहेर येऊन तिने पहिल्यांदाच त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, दुभत्या म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. पत्रा अजून ऊन होता.

बाराव्या दिवशी सकाळी घरी सोडलं. पाऊस उघडला होता, भाताच्या खाचरांवर ऊन पडलं होतं. बाळाचं वजन चांगलं वाढलं होतं, दूध ओढून पीत होती. सुदेश चालवायला बसला, सत्यवती त्याच्या शेजारी. मागे भक्ती, आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी.

गाडी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि अडखळली.

सुदेशने पाय उचलला, पुन्हा दाबला. पुन्हा अडखळली.

बाजार गेला. रेल्वेचा पूल गेला. तिसरा सिलिंडर मेलेला तो मेलेलाच.

सत्यवतीने मनात मोजलं. सुदेश एक. भक्ती दोन. आपण तीन. मग ती मागे वळली. बाळाचे गाल तांबूस होते, ओठ झोपेत चोखल्यासारखे हलत होते. तिने हात लांब करून दोन बोटं बाळाच्या छातीवर ठेवली. ऊब होती. ठोके ठणठणीत होते.

"थांबव," ती सुदेशला म्हणाली. "इंजिन बंद करू नको."

नेरूरपारचा पूल ओलांडून त्याने गाडी कडेला घेतली. सत्यवती उतरली आणि तिने दार लावलं.

आता गाडीत तिघं होती. सुदेश, भक्ती, बाळ. तिघं असली की ती अडखळायची; वहीत महिनाभराच्या नोंदी होत्या.

इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

सत्यवती रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी राहिली. खाडीवरून वारा येत होता. चारही ठोके स्वच्छ ऐकू येत होते, एकामागून एक, दोघंच बसलेल्या गाडीसारखे.

मग तिला असा संताप आला, जसा आयुष्यात आला नव्हता. जिवंत, दूध पिणारं, रडणारं पोर. कोण ही गाडी, ते माणूस नाही असं ठरवणारी? ती वाकली आणि रस्त्याच्या खडीतला सगळ्यात मोठा दगड तिने दोन्ही हातांनी उचलला. काचेवर घालायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

मागची काच खाली झाली.

"आई, तो मोठो जाता," भक्ती म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता, चुलीपुढे मीठ मागावं तसा. "बारकोसो बघा. धरूक बरो असो."

सत्यवतीने तिच्याकडे पाहिलं. बाळाला तिने शेजारच्या सीटवर उघडंच ठेवलं होतं, आणि दुपटं सोडून, मांडीवर नीट पसरून, ती खड्यासाठी हात पुढे करून बसली होती.